ग्वाल्हेरची बहुभाषिक परंपरा आणि इंग्रजीचा शब्दसंग्रह : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक

इंग्रजी विषय घेऊन पदवीच्या वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी शिक्षकांची एक तक्रार नेहमीची आहे : विद्यार्थ्यांना नियम येतात, पण शब्द सुचत नाहीत. व्याकरणाच्या प्रश्नात चांगले गुण मिळविणारा विद्यार्थी चार वाक्ये बोलण्याची वेळ आली की थांबतो. उर्दू किंवा मराठी घरातून आलेल्या विद्यार्थ्याला अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो, “घरची भाषा विसरा, इंग्रजीतच विचार करा.” हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, यात शंका नाही. परंतु तो ऐकणाऱ्या मुलाच्या मनात आपली भाषा म्हणजे आपल्या प्रगतीतील अडथळा आहे, ही भावना घर करते. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकविताना ही भावना प्रस्तुत लेखकाला वारंवार दिसली आहे. ग्वाल्हेरसारख्या हिंदी भाषक शहरात तर ती अधिकच तीव्र होते. येथील मराठी व उर्दू दोन्ही भाषा बऱ्याच अंशी घरापुरत्या उरल्या आहेत आणि मुलांनी त्या तेथेही सोडल्या, तर त्यांना दुसरा आधार राहणार नाही.

हा सल्ला इतिहासाच्या कसोटीला उतरतो काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. गेल्या दोनशे वर्षांत ग्वाल्हेरने फारसी, मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी अशा पाच भाषा कारभारात, शाळेत आणि साहित्यात वापरल्या. नवी भाषा येथे कशी शिकली गेली, हे पाहिले तर आजच्या इंग्रजीच्या वर्गालाही त्यातून काही घेता येईल.

शहराची नावे हाच पहिला शब्दकोश

इ. स. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस आपला तळ दिला. तो तळ पुढे उठला नाही. त्याचेच शहर झाले व त्याला ‘लष्कर’ हे नाव पडले. हा शब्द फारसी आहे. मराठीत तो सैन्य या अर्थाने रुळला आणि युरोपीय खलाशांच्या तोंडी जाऊन इंग्रजीत ‘लॅस्कर’, म्हणजे जहाजावरील हिंदी खलाशी, असा झाला.

याच लष्कर भागात ‘कंपू’ नावाची वस्ती आहे. शिंदे यांच्या सैन्यात युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या तुकड्यांना कंपू म्हणत. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या शब्दाची नोंद असून तो इंग्रजी ‘कॅम्प’ किंवा अधिक शक्यतेने पोर्तुगीज ‘काम्पो’ यावरून आल्याचे म्हटले आहे. मराठीत पुढे या शब्दाचा अर्थ बदलला. आज कंपू म्हणजे आपल्याच माणसांचे टोळके, आणि त्यावरून ‘कंपूशाही’. ‘पलटण’ शब्दाचा प्रवासही असाच आहे. तो ‘बटॅलियन’ या शब्दाचे रूपांतर मानला जातो.

शहराच्या पूर्वेस मुरार येथे इंग्रजांची छावणी होती. १८८६ साली झाशीच्या बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंदे सरकारला परत मिळाली. म्हणजे एकीकडे लष्कर, दुसरीकडे कंपू आणि तिसरीकडे छावणी. तिन्ही नावांचा मूळ अर्थ सैन्य किंवा त्याचा तळ असाच आहे. फरक आहे तो भाषांचा. ग्वाल्हेरचा विद्यार्थी इंग्रजीचे पहिले पुस्तक उघडण्यापूर्वीच अशा शब्दांमधून चालत शाळेत येतो. हे त्याला सहसा कोणी सांगत नाही, एवढेच.

मकतब आणि पाठशाळा : शब्द पाठ करण्याची रीत

शब्दसंग्रह वाढविण्याचे शास्त्र आपल्याकडे इंग्रजीबरोबर आले, असा एक समज आहे. तो खरा नाही. पाठशाळेत मुलाच्या हाती अमरकोश पडत असे. त्याची तीन कांडे असून शब्द वर्गवार बांधलेले आहेत : स्वर्गाचे, भूमीचे, वनस्पतींचे, माणसांचे. मकतबात हेच काम ‘निसाब’ या प्रकारातील पद्यकोश करीत. अबू नस्र फराही यांचा ‘निसाबुस्सिबियान’ हा अरबी-फारसी शब्दांचा पद्यकोश तेराव्या शतकातील आहे. हिंदुस्थानात ‘खालिक बारी’ फार लोकप्रिय झाली. परंपरा ती अमीर खुसरो यांची मानते. हाफिज महमूद शीरानी यांनी मात्र ती जहांगीरच्या काळातील दुसऱ्या एका खुसरोची असल्याचे प्रतिपादन केले. कर्ता कोणीही असो, अरबी-फारसी शब्दाशेजारी हिंदवी शब्द ठेवून पाठ करविणे ही तिची पद्धत मुलांच्या अनेक पिढ्यांच्या उपयोगी पडली. मिर्झा गालिब यांच्यासारख्या महाकवीनेही ‘कादिरनामा’ या नावाने मुलांसाठी असा पद्यकोश रचला. तो १८५६ साली छापला गेला.

या परंपरेतील आणखी एक शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे, तो म्हणजे ‘आमोख्ता’. मकतबात नवा धडा घेण्यापूर्वी मागचे धडे पुन्हा म्हणून दाखवावे लागत, त्याला आमोख्ता म्हणत. मराठी शाळेतील ‘उजळणी’ तीच. शिकलेले काही अंतराने पुन्हा आठवले तर ते टिकते, हे आजचे शिक्षणशास्त्र प्रयोगांनी सांगते. मकतबातील मौलवी आणि गावचे पंतोजी ते अनुभवाने जाणत होते.

मराठीच्या इतिहासात या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ राज्यव्यवहारकोश होय. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला. कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू. त्याची रचना राजा, दुर्ग, लेखन, जनपद, पण्य अशा दहा वर्गांत केलेली आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. फारसी शब्द बाजूला सारण्यासाठी केलेल्या या कोशालाही प्रत्येक नव्या शब्दाशेजारी लोकांच्या ओळखीचा फारसी शब्द लिहावा लागला. माहीत असलेल्या शब्दाचा हात धरल्याशिवाय नवा शब्द उंबरा ओलांडत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

या रीतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. पद्यकोश शब्दाचा अर्थ देतो, तो शब्द वाक्यात कसा चालतो हे सांगत नाही. अमरकोश मुखोद्गत असलेला प्रत्येक जण संस्कृतात संभाषण करू शकत नसे, त्याचप्रमाणे शब्दांच्या याद्या पाठ केलेला आजचा विद्यार्थीही इंग्रजी बोलू शकत नाही.

कोश आणि भाषांतर : इंग्रजीकडे जाणारा दुसरा रस्ता

कंपनी सरकारने १८३७ मध्ये आपल्या मुलखातील कारभारातून फारसीला निरोप देण्याचा निर्णय घेतला. इंग्रजीचे महत्त्व वाढले आणि शब्दकोशांची गरज निर्माण झाली. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द होते. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. या कामात मराठी पंडितांचा मोठा वाटा होता. मोल्सवर्थच्या कोशात शब्दापुढे तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी, याची खूण दिलेली असते. कोशाची काही पाने चाळली तरी आपण बोलतो ती भाषा किती ठिकाणांहून आली आहे, हे दिसते.

उर्दूकडे पाहिले तर सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी स्थापन केली, ती इंग्रजी ग्रंथ उर्दूत आणण्यासाठी. १८६६ पासून निघालेल्या ‘अलीगढ इन्स्टिट्यूट गॅझेट’मध्ये इंग्रजी आणि उर्दू मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. मुसलमानांनी इंग्रजी शिकावी यासाठी आयुष्य वेचणाऱ्या या नेत्याने उर्दू सोडण्याचा सल्ला दिला नाही. त्यांनी उर्दूचाच पूल केला. पुढे मौलवी अब्दुल हक यांच्या नेतृत्वाखाली अंजुमन तरक्की-ए-उर्दूने इंग्रजी-उर्दूचा मोठा प्रमाणकोश सिद्ध केला. तो १९३७ साली औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर), म्हणजे मराठी मुलखातूनच प्रसिद्ध झाला, ही गोष्ट उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांच्या अभ्यासकांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

मराठी घरांतील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे इंग्रजी करावे. इंग्रजी वाक्य घ्यावे, त्याचे मराठी करावे. निसाबाने दिलेला सुटा शब्द येथे वाक्यात बसला. पण यातही एक उणीव राहिली. विद्यार्थी इंग्रजी वाचू आणि लिहू लागला, परंतु ती त्याच्या कानावर पडत नव्हती.

किल्ल्यावरची इंग्रजी आणि किल्ल्याखालची इंग्रजी

ग्वाल्हेर संस्थानात ही उणीव सर्वांना सारखी सोसावी लागली नाही. महाराजा माधवराव शिंदे यांनी १८९७ मध्ये सरदारांच्या मुलांसाठी ‘सरदार्स स्कूल’ काढले. किल्ल्यावरील हीच शाळा १९३३ पासून सिंदिया स्कूल म्हणून ओळखली जाते. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला इंग्रजी दिवसभर ऐकायला आणि बोलायला मिळते. किल्ल्याखाली लष्करातील कारकुनाच्या, मुन्शीच्या किंवा कारागिराच्या मुलाला मात्र ती पुस्तकातच भेटत असे. शब्दसंग्रहाचा प्रश्न केवळ बुद्धीचा नसून संधीचाही आहे, तो असा.

तरीही किल्ल्याखालील शहराने जे निर्माण केले ते थोडे नाही. संस्थानचे सरन्यायाधीश राहिलेले चिंतामण विनायक वैद्य यांनी इंग्रजी आणि मराठी दोन्ही भाषांत इतिहासलेखन केले. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये त्यांनीच वाचकांसमोर आणला. ग्वाल्हेरचे राजकवी भास्कर रामचंद्र तांबे (१८७३-१९४१) यांच्या कवितेवर ब्राउनिंगसारख्या इंग्रजी कवींच्या वाचनाचा ठसा अभ्यासकांनी दाखविला आहे. पण ती कविता अस्सल मराठीच राहिली. १९१७ मध्ये ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे हे मराठी घरातले. ते हिंदी, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत लिहीत. व्हिक्टोरिया कॉलेजात, म्हणजे आजच्या महारानी लक्ष्मीबाई महाविद्यालयात, शायर जाँनिसार अख्तर १९४७ पर्यंत उर्दू शिकवीत. पुढच्या पिढीतील निदा फाजली (१९३८-२०१६) ग्वाल्हेरात वाढले. त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला आणि शायरी उर्दूत केली. सूरदासाच्या भजनाने आपल्याला कवितेची वाट दाखविली, असे ते सांगत.

१९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरले, तेव्हा अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या. संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. त्यांचा व्यवसाय कोणता? नागपूरला इंग्रजीचे अध्यापन. इंग्रजीच्या प्राध्यापिकेने मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसावे आणि तेही महाराष्ट्राबाहेरील या शहरात, हा योगायोग बोलका आहे. वरील सर्वांना इंग्रजी चांगली येत होती किंवा त्यांनी तिचा अभ्यास केला होता. यांपैकी कोणीही त्यासाठी घरची भाषा टाकली नाही.

कानाचे शिक्षण : घराण्याचा धडा

ऐकण्याविषयी ग्वाल्हेरकडे स्वतःचा असा एक वारसा आहे. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्या गायकीतून ग्वाल्हेर घराणे उभे राहिले. हस्सू खाँ यांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी आणि त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ही गायकी महाराष्ट्रात नेली. मुसलमान उस्तादांच्या समोर मराठी शिष्य बसत, ऐकत, पुन्हा म्हणत आणि चुकले की तेवढाच भाग पुन्हा घेत. चिजेचे शब्द ब्रज भाषेतले असत, शिष्याचे घर मराठी असे. तरी ते शब्द उच्चारासह गळ्यावर चढत. पुढे १९१८ मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले आणि स्वरलिपी वर्गात आली. पण स्वरलिपीमुळे ऐकण्याची गरज संपली नाही. भाषेचेही असेच आहे. पुस्तक ही स्वरलिपी आहे. ती हवीच, पण केवळ तिच्यावरून गाणे येत नाही.

उच्चाराच्या बाबतीत तर आपले विद्यार्थी एकमेकांचे गुरू होऊ शकतात. उर्दू शिकलेल्या विद्यार्थ्याला ‘झूलॉजी’ किंवा ‘फादर’ या शब्दांतील पहिला ध्वनी सहज साधतो, कारण ‘ज़मीन’ आणि ‘फ़र्श’ हे उच्चार त्याच्या जिभेवर आहेत. मराठी विद्यार्थी ‘स्कूल’, ‘स्टेशन’ हे जोडाक्षराचे आरंभ बिनचूक उच्चारतो. या भागातील अनेकांच्या तोंडी मात्र तेथे ‘इस्कूल’ येते. दोघांना एका बाकावर बसवून मोठ्याने वाचायला लावले, तर शिक्षकाचे निम्मे काम होते.

आजच्या वर्गासाठी

इंग्रजी शब्दसंग्रहाच्या आधुनिक अभ्यासाचा एक धागाही याच उपखंडातून जातो. मायकेल वेस्ट यांनी ढाका येथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करताना बंगाली विद्यार्थ्यांच्या वाचनाचा अभ्यास केला आणि १९२६ मध्ये द्विभाषिकतेवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी सुमारे २,००० नित्योपयोगी शब्दांची यादी १९५३ ची. सर्वाधिक वापरातील २,००० शब्दकुटुंबे सामान्य मजकुराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापतात, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली उच्च शिक्षणात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची यादी दिली. विद्यार्थ्यापुढचे काम मोठे आहे, पण अमर्याद नाही, हा या आकड्यांचा दिलासा. हे सर्व ध्यानात घेऊन काही सूचना कराव्याशा वाटतात.

१. शब्द सुटे न शिकता कुटुंबाने शिकावेत. ‘कंपू’पासून सुरुवात करावी. कॅम्प, कॅम्पस, कॅम्पेन आणि चॅम्पियन हे चारही शब्द लॅटिनमधील मैदानवाचक ‘काम्पुस’शी जोडलेले आहेत. कॅम्पेन म्हणजे मोहीम, आणि ‘मोहीम’ हा अरबी शब्द उर्दू व मराठी दोन्ही घरांत आहे. पलटणीवरून बटॅलियन, बॅटल आणि कॉम्बॅट यांची ओळख होते.

२. आपल्या भाषेतून इंग्रजीत गेलेले किंवा तिच्याशी नाते असलेले शब्द शोधावेत. ‘मॅगझिन’ हा अरबी ‘मख्जन’च्या अनेकवचनावरून आला आहे. ‘खजिना’ त्याच धातूतला. संस्कृतकडून पाहिले तर दंत आणि डेंटल, दश आणि डेसिमल, पद आणि पेडल यांचे नाते दिसते. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा एक शिलालेख आहे. त्यात २७० हा आकडा शून्याच्या चिन्हासह कोरलेला आहे. संस्कृत ‘शून्य’ या संज्ञेचे अरबी भाषांतर ‘सिफ्र’ असे झाले आणि त्या अरबी शब्दावरून इंग्रजीत ‘सायफर’ आणि ‘झीरो’ आले. हा धडा वर्गाबाहेर, किल्ल्यावर उभे राहून शिकविता येईल.

३. सारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून सावधही राहावे. ‘टॅरिफ’ आणि ‘तारीफ’ यांचे मूळ एक, पण पहिल्याचा अर्थ दरपत्रक किंवा जकात, दुसऱ्याचा स्तुती.

४. शब्दाबरोबर त्याचा जोडीदार शिकावा. मराठीत आपण परीक्षा देतो, उर्दूतही इम्तिहान देतो. म्हणून विद्यार्थी इंग्रजीतही ‘गिव्ह’ म्हणतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. घरच्या भाषेशी तुलना केली तर ही चूक एकदाच समजावावी लागते; तुलना टाळली तर ती आयुष्यभर राहते.

५. वही विषयवार करावी, राज्यव्यवहारकोशासारखी : घर, बाजार, दवाखाना, बँक, कचेरी. प्रत्येक पानावर घरचा शब्द, इंग्रजी शब्द आणि स्वतः रचलेले एक वाक्य असावे. आठवड्यातून दोनदा आमोख्ता, म्हणजे मागील पानांची उजळणी, मोठ्या आवाजात व्हावी. आज साध्या मोबाइलवरही इंग्रजी बातम्या आणि भाषणे ऐकता येतात. किल्ल्यावर आणि किल्ल्याखाली असे जे अंतर होते, ते निदान कानापुरते तरी आता कमी करता येईल.

समारोप

ग्वाल्हेरच्या इतिहासात नवी भाषा तीन पायऱ्यांनी आलेली दिसते : निसाबाने शब्द दिला, भाषांतराने वाक्य दिले आणि घराण्याने ऐकण्याची रीत दिली. तिन्ही पायऱ्यांवर शिकणाऱ्याची स्वतःची भाषा त्याच्या सोबत होती. आपल्या वर्गातून या तीनपैकी एक ना एक पायरी गळते आणि दोष मात्र विद्यार्थ्याच्या घराला दिला जातो. इंग्रजीतून विचार करण्याची सवय पुढे लागतेच, लागायलाही हवी. परंतु ती शेवटची पायरी आहे. पहिल्याच दिवशी तेथे उडी मारण्यास सांगणे अन्यायाचे होईल.

म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना एवढीच विनंती करावीशी वाटते की, पहिल्या तासाला विद्यार्थ्याला किती इंग्रजी शब्द येतात हे विचारण्यापूर्वी त्याच्या घरी कोणती भाषा बोलतात, हे विचारावे. त्या उत्तरातच त्याच्या इंग्रजीचे भांडवल असते.